भाऊरावांच्या वाटीत काय पडतं

18 जानेवारी 2025, शनिवार. वार्षिक लसीसाठी भाऊरावांना, म्हणजे आमच्या बोक्याला, दवाखान्यात नेलं. दोन लॅब्राडॉर आणि एक अखंड भुंकणारं पॉमेरेनियन यांच्या मधोमध बास्केट मांडीवर घेऊन दीड तास बसले. (बास्केटवर टॉवेल टाकून न्या. कुत्री दिसली नाहीत की निम्मी भीती कमी होते, त्याची आणि आपलीही.) आत गेल्यावर काट्यावर आकडा आला 6.4 किलो.

"मागच्या वर्षी 5.6 होता," डॉक्टर कार्ड बघत म्हणाल्या. मी हसत म्हणाले, "बोकाच आहे, भरदार असायचाच." त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि त्याची बोटं माझ्याच दुसऱ्या हाताच्या पाठीवरून फिरवली. "ही हाडं जशी लागतात तशा त्याच्या बरगड्या लागायला हव्यात. आता इथे बघा." भाऊरावांच्या कुशीवरून बोटं फिरवली. बरगड्या होत्या, पण उशीत हात घालून शोधाव्यात तशा. शरीराच्या ठेवणीला नऊपैकी गुण देतात, पाच म्हणजे छान. आमचे चिरंजीव आठ.

तपासणीचे 500, लसीचे 850, रक्त-लघवीचे 1,900. एकूण 3,250 रुपये देऊन आणि तोंड पाडून घरी आले. रिपोर्ट सोमवारी व्हॉट्सअ‍ॅपवर आले: साखर, किडनी सगळं ठीक. तोवरचे दोन दिवस मी मधुमेही मांजरांबद्दल इतकं वाचलं की मलाच चक्कर यायला लागली.

माझी समजूत अशी की आता डॉक्टर एखादं 'डाएट'वालं महाग कॅट फूड लिहून देतील आणि विषय संपेल. त्या म्हणाल्या, "आधी आठवडाभर तो काय खातो, किती खातो, ते लिहून काढा. ग्रॅममध्ये. मग बोलू."

थोडी पार्श्वभूमी. आम्ही कोथरूडला राहतो. घर शाकाहारी. भाऊराव 2021 च्या पावसाळ्यात पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटखाली सापडले आणि आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांना पहिला घास दिला तो दूधपोळीचा. पुढे ड्राय फूड आलं. त्याला आम्ही घरात 'दाणे' म्हणतो. सात किलोची पिशवी, 2,350 रुपये, मोबाइलवर जी आधी दिसली ती. साडेतीन वर्षांत मी ती पिशवी उलटी करून एकदाही वाचली नव्हती. स्वतःसाठी बिस्किटं घेताना मैदा आहे का बघणारी बाई मी!

399 रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मागवला. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी खरेदी हीच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आमची 'एक वाटी' 42 ग्रॅमची निघाली, सकाळ-संध्याकाळ धरून 84. आठवडाभर वही भरली आणि एकेक गोष्ट उघडी पडली. रात्री मॅच बघताना नवरा मूठभर दाणे टाकतो, दहाबारा ग्रॅम. "बघतो ना तो माझ्याकडे." आणि दुपारी सगळे बाहेर असताना आई अर्धी वाटी दूध आणि पोळी कुस्करून देतात. पोळी किती, तर "नखाएवढी". वजन केल्यावर ते नख 15 ग्रॅमचं भरलं.

त्या पिशवीवर कॅलरी छापलेल्याच नव्हत्या. पण हिशेब जमतो, आणि तो मला डॉक्टरांनी कागदावर करून दाखवला. मागच्या बाजूला प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर यांचे टक्के असतात. अ‍ॅश, म्हणजे जाळल्यावर उरणारी खनिजं, कधी लिहितात कधी नाही. नसेल तर 8 धरायचे. या सगळ्यांची बेरीज शंभरातून वजा केली की उरतं ते पिष्ट, जे कुणी छापत नाही. आमच्या पिशवीत 32, 10, 4, 10 आणि 8, म्हणजे उरले 36. शंभर ग्रॅममधले 36 ग्रॅम पिष्ट, ज्या प्राण्याला गोड चवच कळत नाही त्याला. मग प्रोटीन आणि पिष्टाला ग्रॅममागे साडेतीन, फॅटला साडेआठ कॅलरी धरायच्या. उत्तर आलं शंभर ग्रॅमला 323. भाऊराव दिवसाला 95 ग्रॅम दाणे आणि वर दूधपोळी खात होते. सगळं मिळून चारशेच्या आसपास.

त्यांना आणायचं होतं 5.2 किलोवर, आणि त्यासाठी डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला आकडा होता दिवसाला 200 कॅलरी.

मी फोन ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. तो फ्रिजवर झोपला होता, पोट एका बाजूने जरा बाहेर सांडलेलं. इतके दिवस तेच पोट बघून आम्ही "काय गोड" म्हणत होतो.

25 जानेवारीला पेट शॉपमध्ये गेले. यावेळी काही विकत घ्यायचं नाही, फक्त मागच्या बाजूंचे फोटो काढायचे असं ठरवून. दुकानातला मुलगा सुरुवातीला वैतागला, मग स्वतःच पिशव्या उलट्या करून धरायला लागला. अकरा फोटो काढले. घरी येऊन तक्ता केला.

त्यातून जे कळलं ते सांगते.

समोरच्या बाजूला काहीही लिहिलेलं असू शकतं. सॅल्मनचा चकचकीत मासा छापलेल्या एका पिशवीत पहिला घटक मका होता, दुसरा कोंबडीचं मील, आणि मासा कुठेतरी आठवा-नववा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. त्यातही गंमत अशी की 'फ्रेश चिकन' पहिलं असलं तरी ते पाण्यासकटचं वजन असतं, आणि ताज्या मांसात साधारण सत्तर टक्के पाणीच. दाणे शिजून कोरडे झाल्यावर ते चिकन किती उरणार? उलट 'चिकन मील' हे वाळवून दळलेलं, म्हणून नाव कमी आकर्षक असलं तरी त्यात प्रोटीन भरपूर. दुसरी चलाखी म्हणजे एकच धान्य तीन नावांनी लिहायचं: मका, मक्याचं ग्लूटेन, मक्याचं पीठ. वेगवेगळे लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली सरकतो आणि चिकन वर दिसतं. प्रोटीनच्या टक्क्यात हे ग्लूटेनही, म्हणजे मक्यातलं प्रोटीनही, मोजलेलं असतं. म्हणजे नुसता 32 आकडा बघून उपयोग नाही, ते 32 कुठून आलं तेही बघायचं.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. आमच्यासारख्या घरात हे वाक्य मोठ्याने म्हणायला जरा धीर लागतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, आमच्या मनीला कुत्र्याची बिस्किटं चालतात की. चालत नाहीत. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. नाही आलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडतो. हृदयाचं हे 1987 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात लक्षात आलं, आणि तेव्हा आजारी पडलेली मांजरं बाजारातलंच कॅट फूड खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. कुत्रा ते स्वतः बनवू शकतो, म्हणून त्याच्या खाण्यात ते असेलच असं नाही. पिशवीवर टॉरिन शोधा. नसेल तर ती तिथेच ठेवा.

दुसरं शोधायचं ते एक वाक्य: मोठ्या मांजरासाठी 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड'. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं म्हणजे खाऊ, जेवण नव्हे. त्या वाक्यात बहुतेक वेळा आफ्को किंवा फेडियाफ असं नाव असतं. पहिली अमेरिकेतली संस्था, दुसरी युरोपातली. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे आफ्को सर्टिफाइड आहे." तसं काही नसतं; ती संस्था पोषणाची किमान पातळी ठरवते, पिशव्यांवर शिक्के मारत फिरत नाही. मोठ्या मांजराला आफ्कोच्या हिशेबाने किमान 26 टक्के प्रोटीन लागतं, पण ते पाणी वगळून. हे 'पाणी वगळून' फार महत्त्वाचं आहे. ओल्या पाऊचवर 9 टक्के प्रोटीन बघून मी नाक मुरडलं होतं. पण त्यात 82 टक्के पाणी. उरलेल्या 18 मध्ये 9, म्हणजे निम्मं प्रोटीन! आमचे 32 टक्केवाले दाणे या हिशेबात 35.6 वर थांबतात.

ग्रेन-फ्रीच्या मोहात मीही पडले होते. दीड किलोची आयात पिशवी, 2,150 रुपये, वर जंगली मांजराचं चित्र. धान्य नाही, पण वाटाणे आणि बटाटा आहे, म्हणजे पिष्ट आहेच. शिवाय 2018 पासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा डाळी-वाटाण्यांवरच्या खाण्याचा आणि हृदयविकाराचा संबंध तपासायला घेतला होता. त्या तक्रारी मुख्यतः कुत्र्यांच्या होत्या आणि ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण मला त्या चित्रासाठी जास्तीचे पैसे देण्याचं कारण उरलं नाही.

1 फेब्रुवारीला तीन नावं घेऊन डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मधलं निवडलं, नसबंदी झालेल्या मोठ्या मांजरांसाठीचं: प्रोटीन 37, फॅट 12, फायबर 5, शंभर ग्रॅमला साधारण 336 कॅलरी. पहिला घटक चिकन मील, टॉरिन लिहिलेलं, दोन किलोला 1,650. किलोला सव्वाआठशे ऐकून नवरा म्हणाला, "आपण आंबेमोहोर तरी इतका महाग खातो का?" मी त्याला दिवसाचा हिशेब दाखवला. जुने दाणे 95 ग्रॅम, 32 रुपये. नवे 60 ग्रॅम, 50 रुपये. ते जंगली मांजरवाले 79 रुपये. किलोचा भाव बघून घाबरू नका, आपलं मांजर दिवसाला किती खाणार त्याने गुणा. आणि बिलावर जीएसटी बघून मनात जे येईल ते मनातच ठेवा.

इथे मी एक चूक केली. ऑनलाइन 170 रुपये स्वस्त मिळतंय म्हणून एकदम दोन किलो मागवलं. 6 फेब्रुवारीला पिशवी आली, तिची मुदत 20 मार्चला संपत होती. आयात करणाऱ्याचं नाव-पत्त्याचं स्टिकर नेमकं घटकांच्या यादीवर चिकटवलेलं. परत करायला गेले तर 'या वस्तूला परतावा लागू नाही'. मग तक्रार, बॉक्सचा फोटो, तारखेचा फोटो, स्टिकरचा फोटो, "आपली गैरसोय झाल्याबद्दल दिलगीर आहोत" अशी चार उत्तरं, आणि अकरा दिवसांनी 1,480 रुपये परत. पिशवी उघडण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवले होते म्हणून हे जमलं. दुकानातून 400 ग्रॅमचं छोटं पाकीट 390 ला आणलं, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बोका ते खाणार की नाही हेच जिथे माहीत नाही, तिथे दोन किलो कशाला? आणि सुटे दाणे किलोवर विकतात ते घेऊ नका. त्याला ना तारीख, ना बॅच, आणि उघड्या पिशवीतली चरबी खवट होते.

ठेवायचं कुठे हा आमच्या घरात वेगळाच प्रश्न. आईंनी स्वयंपाकघरात चिकनची पिशवी चालणार नाही असं पहिल्या दिवसापासून सांगितलेलं. जुनी पिशवी बाल्कनीत असायची, दुपारच्या उन्हात. आता मूळ पिशवीच चिमटा लावून स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा पुस्तकांच्या कपाटात खालच्या कप्प्यात, शब्दकोशांच्या शेजारी. मुंग्यांवर उपाय मात्र आईंचाच: ताटलीत पाणी घालून त्यात वाटी ठेवायची, पूर्वी दुभत्याच्या कपाटाच्या पायांखाली ठेवायचे तशी. मुंग्यांचा खडू मांजराच्या भांड्याजवळ ओढायचा नाही, हे डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं.

8 फेब्रुवारीला सुरुवात. तीन भाग जुने, एक भाग नवे. पहिल्या दोन दिवसांत भाऊरावांनी असं कौशल्य दाखवलं की मी थक्क झाले. जुने दाणे त्रिकोणी, नवे गोल. जेवण झाल्यावर वाटीच्या तळाशी फक्त गोल, एकही त्रिकोणी नाही. तांदूळ निवडावेत तसे. चौथ्या दिवसापासून चार-दोन गोल पोटात जायला लागले. मी आगाऊपणा करून 12 तारखेला अर्धे-अर्धे केले. 13 ला रात्री वाटीचा वास घेतला आणि जमीन उकरल्यासारखा पंजा फरशीवर घासून निघून गेला. 14 ला दिवसभर काही नाही.

उपास घडला तर वजन उतरेल, असं मला कुठेतरी वाटलं होतं. संध्याकाळी डॉक्टरांना सहज म्हणून कळवलं, तर त्यांचा लगेच फोन. जाड मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याशिवाय राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. "चोवीस तासांच्या वर वाट बघायची नाही. आता मागे जा, जुनेच जास्त घाला, वर चमचाभर कोमट पाणी. काहीही करून खायला पाहिजे." हात थरथरत दाणे भिजवले. त्याने बघितलं नाही. अर्धं ओलं पाऊच वर घातलं. रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी चाटल्याचा आवाज आला. आम्ही तिघंही टीव्ही बंद करून दाराआडून बघत होतो.

मग घाई सोडली. दहा दिवसांत होणारं काम आम्ही वीस दिवसांत केलं. 27 फेब्रुवारीला वाटीत पहिल्यांदा फक्त गोल दाणे पडले. मापही एकदम निम्म्यावर आणलं नाही. आधी दिवसाला 74 ग्रॅम, तीन आठवड्यांनी 60. आठवड्यातून तीनदा एक पाऊच आणि त्या दिवशी दाणे 40. पाऊच 45 रुपयांचं, रोज परवडत नाही, पण कोरडं खाणाऱ्या बोक्याच्या पोटात पाणी जावं म्हणून ते हवंच असं डॉक्टरांचं मत. बोक्याची लघवीची नळी अरुंद, ती तुंबली तर तासांचा प्रश्न असतो. सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय आणि काही होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. पाण्याची भांडीही जेवणापासून दूर, तीन ठिकाणी मांडली. एक मातीचं आणलं. साहेब पितात ते बाथरूममधल्या बादलीतूनच.

पहाटे चारला ओरडणं हा सर्वांत वाईट भाग. मार्चभर आम्ही झोपलो नाही असं म्हटलं तरी चालेल. उपाय साधा निघाला: रात्रीच चार छोट्या डब्यांत दिवसाचे दाणे मोजून ठेवायचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. कुणीही द्यावं, पण डबीतूनच. डबी रिकामी असेल तर दिलेलं आहे. यामुळे "तू दिलेस का? मला वाटलं नाही दिलेस" हे कायमचं थांबलं. मुठीची सवय लागलेल्या नवऱ्याला आम्ही झोपतानाची डबी दिली. आता मॅच असो वा नसो, तो एकेक दाणा लांब फेकतो आणि भाऊराव पोट सांभाळत पळतात.

वजन घरीच करतो. आधी मी काट्यावर, मग त्याला घेऊन मी, आणि वजाबाकी. (आईंनी रद्दीवाल्याचा काटा सुचवला होता.) 1 मार्चला 6.3. 5 एप्रिलला 6.1. जूनच्या सुरुवातीला 5.8. पावसाळ्यात दोन आठवडे काटा हललाच नाही आणि मी घरात सगळ्यांवर संशय घेतला. ऑगस्टमध्ये दवाखान्यातल्या काट्यावर 5.5. डॉक्टरांनी कुशीवर बोटं फिरवली आणि मला फिरवायला लावली. बरगड्या लागत होत्या. आठवड्याला वजनाच्या अर्ध्या ते एक टक्क्याहून जास्त उतरवायची घाई नको, अजून तीनशे ग्रॅम आहेत, दिवाळीनंतर या, म्हणाल्या.

दूध बंद झालं. आईंना ते सांगणं मला जमलं नव्हतं, डॉक्टरांनीच फोनवर सांगितलं की मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. गेल्या गुरुवारी ऑफिसातून लवकर आले तर त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या. डिजिटल काटा चालू, त्यावर पोळीचा एक तुकडा, आणि पायाशी भाऊराव शेपटी गुंडाळून बसलेले.

"चार ग्रॅम आहे फक्त," आई मागे न बघता म्हणाल्या. "संध्याकाळच्या डबीतून तेवढे दाणे काढून ठेवलेत मी."